मस्कतचं स्थळ आणि सोनिवलीचं नेट

सोनिवलीत आमच्या बिल्डिंगला नेट देणारा केबलवाला एकच. एरिया त्याचा, गच्चीवरच्या वायरी त्याच्या. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तर वॉचमन त्याला गेटवरच गार पाणी पाजून परत पाठवतो. केबलवाला पैसे घेतो विमानाचे, नेट देतो बैलगाडीचं. मी एकदा एक सिनेमा डाऊनलोडला लावला. तो उतरेपर्यंत त्यातला हिरो आजोबांच्या भूमिका करायला लागला.

असल्या नेटवर माझ्या बहिणीचं स्थळ बघायचं ठरलं. मुलगा मस्कतला नोकरीला. बहीण उल्हासनगरात, कॅम्प चारच्या जीन्स कारखान्यात कटिंग मास्टर. तिला मुलाला एकच विचारायचं होतं, लग्नानंतर हे काम चालू राहील ना? आईने बजावलं होतं, पहिल्याच दिवशी असलं काही काढू नकोस.

वडिलांनी लॅपटॉपसमोर हात जोडून जयभीम केला. तिकडून उत्तराचा जयभीम येईस्तोवर पोहे गार झाले. मला काही एका जागी बसवेना. राउटर घेऊन मी घरभर फिरलो, खिडकीत धरला, फ्रिजवर ठेवला, शेवटी डोक्यावर घेऊन स्टुलावर चढलो. तेवढ्यात बहिणीने विचारलंच. मुलगा हसला आणि तसाच थिजला. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला.

वडील कौतुकाने म्हणाले, मुलगा विचार करून बोलणारा दिसतो. आईला त्याचे दात आवडले. हा अडकलाय, असं मी वरून सांगितलं तर मलाच गप्प केलं. बहीण ओढणी पिळत होती. हसला म्हणजे हो, की हसण्यावारी नेलं?

स्टुलावर मोबाइलला एक काडी रेंज आली, तशी मी केबलवाल्याला फोन लावला.

"आपल्याकडून सगळं क्लिअर आहे, दादा. मस्कतवाल्यांना विचारा."

बहीण ताडकन उठली. बाकी घरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून मुलाचा नंबर असलेला आईचा फोन उचलून सरळ गच्चीवर गेली आणि मुलाला तिने स्वतःच फोन लावला. खाली आम्ही तिघं त्या थिजलेल्या हसण्यासमोर अदबीने बसून. मी तर स्टुलावरच नखं खाऊन संपवली, बोटांवर आलो होतो.

ती खाली आली.

"म्हणतो, गरज काय कामाची? म्हटलं, मला आहे."

पडद्यावर तो अजून हसतच होता. वडिलांनी हळू आवाजात विचारलं, "मग आता ह्याला काय सांगायचं?"

"सांगून आलेय, पप्पा," ती म्हणाली, आणि तिने लॅपटॉप मिटला.