अठरा दीपवृक्षांची चकती

माझे भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. जगाची वेळ नीट करणारा हा माणूस स्वतः कुठेच वेळेवर पोचला नाही. लग्नातसुद्धा ताईच त्यांची वाट बघत उभी होती. ताईला जाऊन आता दीड वर्ष झालं.

ती गेल्यावर ते दुकानात रमेनात. तेव्हा एका यहुदी शिल्पकार बाईंनी त्यांना काम दिलं. सात फांद्यांचा पितळी दीपवृक्ष, किल्ली दिली की फांद्या हळूहळू वर उठतात आणि खाली येतात. नग फक्त अठरा, कारण त्यांच्या अक्षरांच्या हिशोबात अठरा म्हणजे ‘जिवंत’. फांद्यांची चाल ठरवणारी खाचांची चकती भाऊजींनी कानशीने घासून, निव्वळ अंदाजाने बनवली. अठराही नगांच्या चकत्या तिच्यावरून कापल्या.

अठरावा नग तयार झाला त्या दुपारी मी पहिल्यांदाच ते काम बघायला गेले. भाऊजींनी किल्ली दिली. फांद्या उठल्या, खाली आल्या, आणि मधली थांबली. का ते कळायच्या आधीच मी मनात मोजायला लागले होते. सातला ती हिसका देऊन वर आली. शेवटचे आठ दिवस ताईचा श्वास असाच चालला होता. खाटेच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघं मोजायचो.

माझ्या जिभेला हाड नाही. “भाऊजी, हा ताईचा श्वास आहे!”

त्यांनी पुन्हा किल्ली दिली. ओठ हलवत मोजलं. चेहरा पांढराफटक पडला.

“मुद्दाम नाही गं केलं,” ते म्हणाले. “हात गेला तसं घासत गेलो.”

तेवढ्यात बाई आल्या. शेवटचा नग झाला की मूळ चकती त्यांच्यासमोर तोडायची, म्हणजे एकोणिसावा कधीच निघणार नाही, असं ठरलेलं. अठराही नगांना गिऱ्हाइकं ठरली होती.

“तेवढी चकती मला द्या,” भाऊजी म्हणाले. “दुसरं काही नको.”

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या, डोळे पुसले.

“अठरा जणांना शब्द दिलाय हो मी. तुम्हीच सांगा, काय करू?”

भाऊजींनी चकती पकडीत आवळली आणि करवत घेतली. शेजारी तो दीपवृक्ष चालूच होता. मधली फांदी थांबली की त्यांची करवतही थांबायची.

मी गप्प बसले असते, तर ती चकती त्यांनी शीळ घालत कापली असती. हे माझं मन खातं. हल्ली घर जरा शांत झालं की मी मोजायला लागते.

परवा चहा पिताना ते अचानक म्हणाले, “अठरा घरांत आहे बघ ती. आपल्याच घरात नाही.”