विमानात न बसलेल्या आत्याबाई

विमानात एकदाही पाऊल न ठेवता विमानप्रवासातलं सगळं कळणारी बाई अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच, आणि ती म्हणजे आमच्या ह्यांची आत्या. तान्ह्या लेकराला घेऊन विमानातून कसं जायचं, या विषयावर तर त्यांच्यापुढे वैमानिकानेही तोंड उघडू नये. कासार आंबोलीतल्या आमच्या घरावरून विमान गेलं की आत्याबाई हातातलं काम टाकून अंगणात येतात, कपाळावर आडवा हात धरून वर बघतात, आणि ते आपल्याच परवानगीने चाललंय अशा थाटात "जाऊ द्या" म्हणून परत चुलीकडे वळतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा प्रकार बघून मला हसू आवरेना. पुढे याच बाईच्या हाताखाली विमानात बसायचं शिकावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही हसले असते.

झालं असं की ह्यांना दुबईला नोकरी लागली आणि लेकीचं बारसं उरकून हे निघून गेले. माझ्या सासूबाई हे लहान असतानाच गेल्या, तेव्हा ह्यांना आत्याबाईंनीच वाढवलेलं, आणि आता आमच्या रेवालाही त्याच वाढवायला बसल्या. माझी रजा संपली आणि मी हिंजवडीचं ऑफिस गाठलं. सकाळी निघायचे तेव्हा पोरगी झोपलेली, वाहनांच्या रांगा पार करून परत यायचे तेव्हा पेंगुळलेली. दूध माझं आणि पोरगी त्यांची, असा कारभार सुरू झाला. पिऊन झालं की बाईसाहेब मान वळवून आत्याबाईंना शोधायच्या. रडली आणि मी घेतलं तर दुप्पट रडायची, आणि त्यांनी नुसतं "काय गं सटवे" म्हटलं की खुदकन हसायची. मला राग यायचा, वाईट वाटायचं, दोन्ही. अशात ह्यांचा फोन आला की व्हिसा झालाय, तिकीट काढतो. म्हणजे नोकरी सोडायची आणि जी पोर माझ्याकडे घटकाभर राहत नाही तिला घेऊन एकटीने आकाशात बसायचं!

मी आत्याबाईंना भीत भीत हे बोलून दाखवलं, आणि त्याच दिवसापासून त्या कामाला लागल्या. आमच्या गावाभोवती पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. आत्याबाई तिथे अंडी आणि भाजी पोचवतात. आता त्या प्रत्येक फाटकावर पाटी खाली ठेवून आधी उलटतपासणी घेऊ लागल्या. "इमानात लेकरू घिऊन गेलतीस का? मंग बस हितं आणि सांग." बिचाऱ्या बायका कोथिंबिरीची जुडी हातात धरून सांगत बसायच्या. पण आत्याबाई ऐकलेलं सगळंच खरं मानणाऱ्यातल्या नव्हेत. एकीने सांगितलं की आमचं बाळ अगदी गुणी, विमानात रडलंच नाही. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "ती बया खोटं बोलतीया. जी म्हनली मी सोता रडले, तिचंच आपन ऐकायचं." असं पारखून घेतलेलं ज्ञान मला रोज संध्याकाळी मिळू लागलं. विमानात आधी घुसू नकोस, शेवटी जा, तेवढाच कोंडमारा कमी. सगळी खेळणी एकदम काढू नकोस, एकाचा कंटाळा आला की दुसरं काढ. विमान चढताना आणि उतरताना पोरीला पाजत राहा, गिळत राहिलं की कान दुखत नाहीत.

नुसतं सांगून त्या थांबल्या असत्या तर प्रश्न नव्हता. त्यांना तालीम हवी होती. पडवीत भिंतीला चिकटून तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, भिंतीकडच्या खुर्चीत मला आणि रेवाला कोंबलं, आणि शेजारी स्वतः बसल्या, त्रासिक प्रवासी म्हणून! डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, तोंड आंबट. रेवाने हुं केलं की ह्या सुरू. "ओ बाई, पोरगी गप करा की! आमी काय फुकाट बसलोय व्हय?" मला हसावं की रडावं कळेना. पण रेवा चतुर. पदराआड कोण आहे हे तिला मिश्रीच्या वासावरूनच कळायचं, आणि ती माझ्या मांडीवरून त्रासिक प्रवाशाच्या अंगावर झेप घ्यायची. तेवढ्यावर आत्याबाई विरघळायच्या आणि विमान पडवीतच कोसळायचं.

कानांसाठी ताम्हिणी घाट ठरला. घाट उतरताना कान बसतात तसेच विमान उतरताना बसत असणार, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो खोटा म्हणायची माझी टाप नव्हती. शेजाऱ्यांची पिकअप खाली कोकणात माल सोडायला चालली होती, तिच्यात आम्ही तिघी बसलो. प्रत्येक वळणाला आत्याबाई स्वतःचा कान चाचपून ओरडायच्या, "बसला! पाज!" पुढच्या वळणाला, "सुटला, थांब!" ड्रायव्हर बिचारा कानापर्यंत लाल झाला होता. निम्म्या घाटात रेवाने प्यायलेलं सगळं माझ्या अंगावर ओकून टाकलं. पिशवीत तिची चार झबली, माझं काहीच नाही. तशीच ओली, आंबट वासाची मी घरी आले, आणि ज्ञानात भर पडली की लेकराबरोबर आईचेही कपडे वर हाताशी ठेवायचे. हे मात्र बंगल्यातल्या कुठल्याच बाईने सांगितलेलं नव्हतं.

जाण्याचा दिवस जवळ आला तसं घरातलं हसणं आटलं. रेवा अजूनही त्यांच्याशिवाय झोपत नव्हती. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं एक वापरलेलं लुगडं द्या. त्यात गुंडाळून नेते. वास ओळखीचा असला की झोपेल तरी." मला वाटलं, मागायचा अवकाश, दोन काढून देतील. त्या सरळ नाही म्हणाल्या. "माझ्या लुगड्यावर झोपली तर तुज्यावर कवा झोपंल गं? न्हाई मिळायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रेवाला उचलणंच बंद केलं. ती रांगत रांगत पायाशी आली की ह्या उठून परसात. ती दारात बसून हंबरडा फोडायची आणि ह्या पाठमोऱ्या होऊन भांडी घासत राहायच्या, घासलेलीच पुन्हा घासत. माझा तोल गेला. "काळीज आहे की दगड आहे तुमच्याकडे? घ्या ना तिला!" मी ओरडले. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तितं वर मी कुटनं येऊ? घे तिला. रडू दे, पर तुज्यापाशी रडू दे." मी घेतलं. ती रडून रडून झोपली, माझ्यापाशी झोपली नाही, थकून झोपली. आणि मला खात्रीच पटली की विमानात माझं काही खरं नाही.

निघताना त्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या, पुण्याच्या वेशीवरच्या बावधनपर्यंत सोबत म्हणून. सबंध रस्ताभर पदर तोंडावर. माझ्या खांद्यावरून रेवाला त्या दिसत होत्या, आणि तिला वाटलं भॉक करायचा खेळ चाललाय. ती खिदळायची, वाट बघायची, पुन्हा खिदळायची. पदर काही हलला नाही. बावधनला गाडी थांबली तशा त्या उतरल्या आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेल्या. रेवा काचेवर हात आपटत राहिली. ड्रायव्हरने विचारलं, निघू का? मी मान हलवली.

विमानतळावर तपासणीत माझी पिशवी बाजूला काढली गेली. गणवेशातल्या बाईंनी आत हात घालून एक काळा दगड बाहेर काढला. सहाण! गुटी उगाळायची आमची सहाण, आणि तिच्याखाली फडक्यात बांधलेली हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सगळी बाळगुटी. जायफळ तिकडे चालत नाही, आणू नका, असं ह्यांनी बजावलं होतं. मी स्वतःच्या हाताने सगळं गाठोडंच काढून ठेवलं होतं, आणि आत्याबाईंनी माझी पाठ फिरताच सगळं परत भरलं होतं. विमानाचं एवढं ज्ञान मिळवलं, पण पोर गुटीशिवाय परमुलखात जगेल हे काही त्यांच्या मनाला पटलं नव्हतं. "ये पत्थर किसलिए?" बाईंनी विचारलं. मागे रांग, कडेवर किंचाळणारी रेवा, घामाने भिजलेली मी. कसंबसं समजावलं आणि सगळं तिथेच सोडून दिलं. लुगडं मिळालं नव्हतं, आता गुटीही गेली. आत्याबाईंचं म्हणून माझ्याजवळ काही म्हणजे काही उरलं नाही.

विमान धावायला लागलं आणि रेवाने सूर लावला. मी पाजायला घेतलं, तिने तोंड फिरवलं. खुळखुळा दिला, फेकला. बाहुली दिली, फेकली. ती शेजारच्या गृहस्थांच्या चष्म्यावर लागली आणि त्यांनी आत्याबाईंपेक्षा आंबट तोंड केलं. पोरगी माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, रांगेतला एकेक चेहरा शोधत होती, आणि हवा तो दिसत नाही म्हणून आणखी जोरात रडत होती. विमान वर चढतंय, कानांना दडे बसताहेत, आणि ही एक घोट घेत नाही. "अगं, मीच आहे गं आता. मी एकटीच आहे," एवढं म्हणाले आणि मलाच रडू फुटलं. चारचौघांत, हमसून हमसून. रेवा दचकून थांबली. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या गालावर हात ठेवला, ओला लागला म्हणून हात बघितला, पुन्हा ठेवला. मग काय वाटलं तिला कोण जाणे, हुंदके देत माझ्या कुशीत शिरली आणि पिऊ लागली. मी श्वासही जपून घेत होते. विमान खाली उतरून थांबेपर्यंत तिने माझी ओढणी मुठीतून सोडली नाही.

बाहेर हे उभे होते, हात पसरून. रेवाने एकदा बापाकडे पाहिलं आणि माझ्या मानेला घट्ट विळखा घातला. हे हिरमुसले. मी मात्र तिथल्या तिथे ह्यांचा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

"आत्याबाई, पोचलो. रडली, पण प्यायली. कान नाही दुखला. आणि काय सांगू, ती माझ्याशिवाय कुणाकडे जात नाहीये हो, ह्यांच्याकडेसुद्धा नाही."

"मला इचारलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार मनात आलं. पण त्यांना खोटं लगेच कळतं. "आत्ता नाही," मी म्हणाले.

"ब्येस झालं," आत्याबाई म्हणाल्या. "ठिव आता फोन. म्हशीची धार काडायचीय मला."

आमच्या गोठ्यात म्हैस नाही. असलेली कधीच विकली, मी त्या घरात यायच्याही आधी.

"बरं, काढा," मी म्हणाले, पण फोन काही मी ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.