चांदी फुटत नाही

माझी नणंद बावीस वर्षं स्वतःच्या हातांनी चांदीचे दागिने घडवते आणि गावोगावच्या कलाप्रदर्शनांत मांडून विकते. इमारतीत तिला सगळे टकटक म्हणतात. सकाळी मी देवापाशी बसते तेव्हाच मागच्या खोलीत तिची हातोडी सुरू झालेली असते. मी नाव घ्यायचं, तिने ठोके द्यायचे. खालच्या मजल्यावरची आजी एकदा तणतणत वर आली. "टकटके, तुझ्यापायी मला दुपारची झोप नाही." टकटक मान वर न करता म्हणाली, "आजी, तुम्ही रात्री घोरता तेव्हा मी येते का खाली सांगायला?" आजी भांडायला आली होती, ती हसत कानातली जोडी पसंत करून गेली.

तिची खोली म्हणजे एक टेबल आणि एक खिडकी. टेबल पोटाशी अर्धगोल कापलेलं, त्याखाली चामड्याची झोळी टांगलेली. कानशीने घासलेला चांदीचा कीस त्या झोळीत पडतो, एक कणही वाया जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा ती झोळी झटकून स्वच्छ केली होती, खिडकीबाहेर! टकटक तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, तू देवाचं माणूस आहेस म्हणून वाचलीस."

लोकांना वाटतं, प्रदर्शनात दागिने विकणं म्हणजे सजून बसायचं आणि गप्पा मारायच्या. मी दोनदा तिच्याबरोबर गेले आहे, म्हणून सांगते. घडीचं टेबल, काळं कापड, दोन दिवे, आरसा, वीस किलोची पेटी आणि एक छोटी ऐरण, एवढं सगळं एकटीने बसमधून न्यायचं. ऐरण कशाला, तर कुणाची अंगठी तिथल्या तिथे मोठी करून द्यायला. टेबल सोडून जाता येत नाही म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही. आणि गिऱ्हाइकांचं ऐकायचं. "एवढं तर माझी मुलगी दोन व्हिडिओ बघून घरी करील," असं एक बाई दागिना हातात खेळवत म्हणाली. टकटक म्हणाली, "मग उद्या पाठवा तिला. मला जोडीला माणूस हवंच आहे."

तिची ओळख म्हणजे शेंगा. कानात घालायची चांदीची शेंग, एका कडेने उकललेली, आत तीन दाणे. पत्रा कापून, ठोकून, वाकवून, दाणे एकेक झाळून, म्हणजे तापवून सांधून, बसवायचे. मनासारखी पहिली जोडी जमायला तिला वर्ष लागलं. दरवर्षी शहरातल्या मोठ्या सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन भरतं, तिथे दाराजवळच्या कोपऱ्यात तिची जागा ठरलेली. बायका मुलींना घेऊन येतात, सुनांना घेऊन येतात आणि थेट त्या कोपऱ्याकडे वळतात. तिचं अर्धं वर्ष त्या तीन दिवसांवर उभं आहे. नियम एकच, वस्तू विकणाऱ्याने स्वतः हाताने केलेली पाहिजे.

यंदा तिचं मनगट दुखत होतं, म्हणून आमचे हे मला म्हणाले, "जा तिच्यासोबत." पहिल्या दिवशी दुपारी संयोजक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. म्हणाले, "बाई, तक्रार आहे. तुम्ही बाहेरचा तयार माल आणून विकता म्हणे. पलीकडच्या रांगेत हुबेहूब याच शेंगा आहेत." आणि भरल्या गर्दीत त्यांनी टेबलाच्या दर्शनी बाजूला कागद चिकटवला : तपासणीसाठी विक्री बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं जिच्या बोटांना भाजल्याचे डाग आहेत तिला हे म्हणणार! टकटक मात्र उठली आणि पलीकडच्या रांगेत गेली. मी मागोमाग.

तिथे एका चष्मेवाल्याचे सलग तीन गाळे होते. ताटंच्या ताटं भरून शेंगा. टकटकने त्याला बघितलं आणि ओळखलं. गेल्या वर्षी याच माणसाने "बायकोला आवडतील" म्हणून एक जोडी घेतली होती. तक्रारही त्यानेच केली होती. चोर तो चोर, वर शिरजोर. आपला माल बघून टकटक बोलेल म्हणून हा आधीच ओरडला.

टकटकने संयोजकांना हात धरून तिथे आणलं. ताटातल्या दहा शेंगा उलट्या केल्या. "बघा. प्रत्येकीच्या पाठीवर एकाच जागी एकच ओरखडा. हाताने केलेल्या दोन वस्तूंवर एकसारखा ओरखडा पडतो का कधी? तो माझ्या कानशीचा आहे. यांनी माझ्या जोडीवरून साचा घेतला, तर साच्यात माझी चूकसुद्धा उतरली." मग स्वतःची शेंग शेजारी ठेवली. चष्मेवाल्याची केसभर आखूड होती. "साच्यात ओतलेली वस्तू थंड होताना आकसते. मूळ नेहमी मोठं असतं. आता सांगा, कुणी कुणाचं उचललं?"

संयोजकांनी पट्टीने मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मेवाला चष्मा पुसत राहिला.

"ठीक आहे," संयोजक हळूच म्हणाले, "तुम्ही विक्री सुरू करा." परत येऊन त्यांनी कागद काढला आणि घडी घालून खिशात टाकला.

"आणि त्याचं?" टकटकने विचारलं.

"त्यांचं प्रदर्शन संपल्यावर बघू. तीन गाळ्यांचा माणूस आहे. आत्ता तमाशा नको."

"माझा तमाशा केलात तेव्हा चाललं ना? मग माईकवरून एवढंच सांगा की या बाईचं काम खरं आहे."

"ताई, ताणू नका. जागा मिळाली ना परत?"

ते गेले. आमच्यासमोरून लोक जात होते. कागद बघितलेली माणसं शेंगा हातात घेत आणि खाली ठेवत. एक जुनी गिऱ्हाईक बाई तर सुनेला म्हणाली, "नको, यांचं काहीतरी निघालंय." मी देवाचं नाव घेत होते, पण खरं सांगते, मनात नाव देवाचं नव्हतं.

टकटक उठली. चष्मेवाल्याकडे गेली, रोख पैसे देऊन एक जोडी घेतली, पावती घेतली आणि कोपऱ्यात येऊन ऐरण टेबलावर ठेवली. मग मोठ्याने म्हणाली, "या हो सगळे. ही माझी शेंग." तिने स्वतःची, दोन दिवस खपून केलेली शेंग ऐरणीवर ठेवली आणि हातोडी घातली. शेंग चपटी झाली, पसरली, पोळीसारखी झाली. दाणेही आतल्या आत दबले. "आणि ही त्यांची. चांदीची म्हणून विकतात." एकच ठोका. शेंगेचे चार तुकडे उडाले, एक माझ्या मांडीवर. आतून करडी, खरबरीत, कोळशाच्या राखेसारखी.

"चांदी फुटत नाही," टकटक म्हणाली. "चांदी दबते. फुटतं ते खोटं."

मघाची ती सासू सुनेला ढकलत पुढे आली. "ठोका अजून एक, माझ्याकडे त्यांच्याचकडची आहे!" पिशवीतून सकाळचीच खरेदी काढली. तीही फुटली. त्यानंतर रांग लागली. संयोजक धावत येईपर्यंत पाच जोड्यांचा चुरा ऐरणीवर होता, आणि चष्मेवाल्यापुढे पैसे परत मागणारे उभे होते.

शिक्षा कुणाला व्हावी? आठवड्याने संयोजकांचं पत्र आलं, टकटकला. प्रदर्शनाची बदनामी केली, सहविक्रेत्याचं नुकसान केलं. पुढच्या वर्षी जागा हवी असेल तर त्या विक्रेत्याची लेखी माफी मागा, शुक्रवारच्या आत. चष्मेवाल्याबद्दल एक अक्षर नाही.

आमचे हे म्हणाले, "दोन ओळी लिहून टाक. शब्दाला काय वजन असतं?"

"दादा, तू बँकेत नोकरी केलीस," टकटक म्हणाली. "तुला वजन माहीत नाही, आकडा माहीत आहे."

पण तिची रात्रंदिवस चाललेली हातोडी त्या आठवड्यात थांबली होती. खोलीत गेले तर नुसती खिडकीशी बसलेली. म्हणाली, "वहिनी, तो कोपरा गेला तर मला बायका शोधणार कुठे? माझं दुकान नाही, पाटी नाही. तुझं अक्षर चांगलं आहे. लिही. मी सही करते." तिच्या तोंडून हे ऐकून मला तिचाच राग आला. हे मूग गिळणं तिला शोभत नव्हतं. तरी मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले :

"मी तुमच्या शेंगेवर हातोडी घातली आणि ती फुटली, याबद्दल दिलगीर आहे." इथे ती थांबली. गालाचं हाड हललं. मग म्हणाली, "लिही पुढे. ती चांदीची असती तर फुटली नसती, आणि ही वेळ तुमच्यावर आली नसती. पुढच्या वेळी साचा घेताना मूळ वस्तूवरचा ओरखडा आधी घासून घ्यावा."

"ही माफी आहे?" मी विचारलं.

"माझ्याकडे एवढीच आहे."

मी एक शब्द बदलला नाही. सही झाली, पत्र मीच टाकून आले. येताना पावलं हलकी पडत होती, हे कबूल करते.

आज संयोजकांचं उत्तर आलं. जागा देता येत नाही. कोपरा दुसऱ्यांना दिला आहे. कुणाला, ते फोन करून विचारलं. चष्मेवाल्याला. त्याचा आता चौथा गाळा.

मी रोज देवापाशी सगळ्यांचं भलं मागायला बसते. आज ते तोंडातून येईना, आणि आणायचा प्रयत्नही मी केला नाही. देवाला माझ्या तोंडाची गरज नाही, त्याने सभागृहात सगळं पाहिलेलंच आहे.

टकटकने पत्र वाचलं, दोनदा. मग म्हणाली, "त्याच तीन दिवसांत मी दाराबाहेर फुटपाथवर बसणार. विकायचं काही नाही. फक्त ऐरण. आतून घेतलेली वस्तू ज्याला तपासून हवी त्याने यावं. फुकट ठोकून देईन."

"पोलीस उचलून नेतील!" हे ओरडले.

"मग सोडवायला ये."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तिला समजवावं म्हणून. मी म्हटलं, "फुटपाथ गार असतो. बसायला मी दोन पाट घेऊन येईन."