शुक्रवारी आई जेवायला जायच्या

आई गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरीच्या मुलांना गुणाकार शिकवत होते, तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनींचा फोन आला. "तू घरी ये गो," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवण्याआधीच मला सगळं समजलं. चोपड्याच्या थांब्यावर बसमधून उतरले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग दिसला. दुपारची पेज घेऊन आई जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई. त्यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. त्या दिवशी जमलेल्या बायका एकमेकींना एकच गोष्ट सांगत होत्या... सगुणाकाकी कधी बसलेली दिसली नाय. कधीही या, ती उभीच. हातात कोयती नाहीतर पाण्याची कळशी. मी भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांचं खोटं नव्हतं. पण मी त्यांना बसलेलं पाहिलं होतं, चांगलं तासतासभर. ते सांगायची ती जागा नव्हती, म्हणून गप्प राहिले. आज इथे लिहिते आहे.

आईंचं माहेर आमोण्याचं, मांडवीच्या काठावरचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या शापोरा नदीच्या काठी, चोपड्याला आल्या. सासरे अकाली गेले तेव्हा माझे यजमान दिगंबर सहा वर्षांचे होते. घरामागच्या मळ्यात आईंनी तांबडी भाजी, वाल, मिरच्या पिकवल्या, परसात अबोली लावली आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन विकली. तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन त्या होडीने पलीकडे जात. मुलगा शिकला, वीज खात्यात लागला, तरी शुक्रवारचा बाजार त्यांनी सोडला नाही. दिगंबर म्हणत, "आता कशाला जातेस, आई?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "अबोली परसात सुकान जायत."

मी सावंतवाडीकडची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आई आमच्याबरोबर जेवत नसत. सगळ्यांची पानं वाढायची, कुणाला काय हवं-नको बघायचं, सगळे उठले की भांडी आवरायची आणि मग दाराकडे पाठ करून, चुलीजवळ उभ्याउभ्या, उरलंसुरलं एका ताटलीत घेऊन संपवायचं. दोन मिनिटांत. मी थांबले तर चिडायच्या. "तू जेव गो. माका भूक नाय." मी शिक्षिका, मला वाटायचं समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. मी खूप समजावलं... चौदा वर्षं! शेवटी तो नाद सोडला. खरं सांगायचं तर मलाही गरम जेवणाची सवय झाली होती.

मग एका संध्याकाळी सुमनवहिनी कुंपणापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासूक मी त्या चिनी हाटेलात बघितलंय. म्हापशाक. एकटी बसान खाय होती." मी हसण्यावारी नेलं. पण दिगंबरांनी ते ऐकलं होतं. आई मळ्यातून परतल्या तशी त्यांनी विचारलं. आईंनी नाही म्हटलं नाही. दिगंबरांचा आवाज चढला. "घरात जेवाक मिळना नाय काय तुका? लोक काय म्हणतले? सून आपल्या सासूक उपाशी ठेवता म्हणतले. आणि ते त्यात काय घालतत तां तरी ठावक आसा?"

मी मध्ये पडायला हवं होतं. पडले नाही, कारण मलाही लागलं होतं. रोज सकाळी उठून मी डबे करायचे, आईंना आवडते म्हणून तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायचे आणि आई बाहेर जाऊन परक्यांच्या हातचं खातात? आईंनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. हातातली वालाची जुडी ओट्यावर ठेवली. "बरां," त्या म्हणाल्या, "आता जावचंय नाय." आणि आत जाऊन त्यांनी रात्रीच्या भाताचे तांदूळ धुतले. विषय संपला. त्यानंतर शुक्रवारी त्या एक बस आधीच घरी येऊ लागल्या.

सात-आठ महिने असे गेले. आईंचा गुडघा दुखायला लागला होता. शाळेला सुट्टी होती म्हणून एका शुक्रवारी पाटी घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. भाजी लवकर संपली. बाजारामागच्या गल्लीतून आम्ही बसकडे निघालो, तर एका दारातून हाक आली, "अम्मा! ओ अम्मा!" आईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दुखऱ्या गुडघ्याने इतक्या भराभर चालायला लागल्या की मी मागे पडले. वळून पाहिलं तर दारात पन्नाशीची एक चिनी बाई ओल्या हातांनी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं काय चुकलं हे न कळलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. आणि माझ्या पुढे माझी सासू, जिने आयुष्यात कुणापासून तोंड लपवलं नव्हतं, चोरासारखी पळत होती... आमच्यामुळे.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "चला आई, आत जाऊ."

"नको गो. दिगू..."

"दिगूला मी नाही सांगणार."

ते लिलीचं हॉटेल. लिली आणि तिचा नवरा मूळचे कलकत्त्याचे चिनी. गोव्यात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. पाटीवर काही वेगळंच नाव होतं, पण सगळं म्हापसं त्याला 'लिलीचं' म्हणायचं. सहा मेजं, वर दोन पंखे, आणि दर्शनी भागातच बांबूच्या गोल डब्यांची चळत, त्यातून सतत वाफ. मिळायचं मुख्यतः एकच... डंपलिंग, मुरड घालून वाफवलेल्या छोट्या करंज्यांसारखे. कोळंबीचे, कोंबडीचे, कोबीचे. बरोबर लाल चटणी आणि पातळ सूप. इतकं स्वस्त की बाजारातल्या विक्रेत्या, टॅक्सीवाले, कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब सगळे तिथे यायचे आणि जागा मिळेल तिथे कुणाच्याही शेजारी बसायचे. आम्ही गेलो तेव्हा एका मेजावर पाव विकणारा पदेर आपली रिकामी टोपली पायाशी ठेवून खात होता आणि समोर दोन वकील बसले होते, काळ्या कोटांसकट. लिलीने आईंना हाताला धरून कोपऱ्यातल्या मेजाशी नेलं. "अम्मा इतना दिन किधर गया?" तिने विचारलं. आई म्हणाल्या, "घुटना." लिलीने मान हलवली. खरं काय ते तिला कळलं असावं, पण तिने दुसरा प्रश्न केला नाही.

मग आईंनी मला सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी भर उन्हात बाजारातून येताना त्यांना घेरी आली. त्या समोरच्या पायरीवर बसल्या. लिलीने आत आणून पाणी दिलं. "माका वाटलां, पाणी पिऊन उठूचां. तर तिणां माका खुर्चेर बसयलां आणि मेजार बशी आणून ठेवली. सहा वाफेवयले. म्हणाली, खा. मी म्हटलां, तू खा आदी. तर ती हसली. म्हणाली, हम बाद में." चटणीच्या वाटीकडे पाहत राहिल्या. "लग्नात सोडून माका कोणी पान वाढूक नाय गो. बस आणि जेव, असां कोणी म्हटलां नाय. तू म्हटलंस, तां खरां. पण तू म्हटलंस तेवा चुलीर आमटी उकळता होती, दिगू पाणी मागता होतो. हयसर माझ्या मागे चूल नाय."

मी चौदा वर्षं समजावत होते आणि मला एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती. जेवणाचा प्रश्नच नव्हता. माझ्या तिखल्याचा तर नव्हताच.

त्यानंतर गुडघ्याचं निमित्त करून आम्ही दोघी जायला लागलो. शाळा सुटली की मी पेडण्याच्या शाळेतून थेट म्हापशाला यायचे. दिगंबरांना आम्ही सांगायचो, बाजारात गर्दी होती. असं दोन वर्षं चाललं. त्यातली एक आठवण अशी की अजून हसू येतं. चतुर्थीनंतर आईंनी लिलीसाठी घरच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, नेल्या होत्या. आईंच्या नेवरीची मुरड म्हणजे काय सांगू, एकसारखी, बारीक, जणू शिवणयंत्रावर घातलेली. लिलीने ती नेवरी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि आत जाऊन नवऱ्याला दाखवली. चार-पाच महिन्यांनी त्यांच्या नव्या वर्षाचा सण आला. हॉटेलात ही गर्दी, आणि डंपलिंग वळणाऱ्या दोन बाया नेमक्या आजारी. लिली आमच्या मेजाशी आली, हात जोडून म्हणाली, "अम्मा, आज एक घंटा. तुम्हारा हाथ मशीन है."

मला वाटलं, आता आई पदर खोचून उठणार. कुणाची अडचण दिसली आणि आई उठल्या नाहीत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा खुर्ची मागे सरकवली. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी लिलीच्या हातावर आपला हात ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, "ना गो, बाय. हयसर मी जेवाक येतंय. हात लावूचंय नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी येते," म्हणत मी आत गेले आणि तासभर इतके वेडेवाकडे डंपलिंग वळले की लिलीच्या नवऱ्याने ते गुपचूप बाजूला काढून ठेवले. बाहेर आई शांतपणे सूप पीत होत्या. लिलीला राग आला का? मुळीच नाही. ती मला म्हणाली, "अम्मा सही बोला." परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "आई, एक तास केलं असतं तर?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "एकदा हात लावलो की मगे ती जागा पण घर होऊन जाता."

शेवटचे चार महिने आईंच्या पायांना सूज यायची, दम लागायचा. बाजार बंद झाला. एका शुक्रवारी मी लिलीकडून पार्सल आणलं. आईंच्या खाटेजवळ डबा उघडला. त्यांनी वास घेतला, डोळे हसले. आणि लगेच म्हणाल्या, "दिगूक नि चेडवाक दी आदी." मी म्हटलं, "आई, हे तुमच्यासाठी आहे." पण घरात आलेलं त्या एकट्या कशा खातील? नातीने, म्हणजे माझ्या लेकीने, तीन खाल्ले, दिगंबरांनी दोन. "बरे लागतात गो, कुठून आणलेस?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "बाजारातून." शेवटी उरलेला एक आईंनी खाल्ला, पडल्यापडल्या, दोन घासांत... घरातल्या सवयीने. ती संधी होती. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मुलगा आणि आई आमनेसामने होते आणि डबा मध्ये होता. मी घाबरले. हे माझ्या मनातून जात नाही.

तेरावं झाल्यावर मी दिगंबरांना सगळं सांगितलं. लपवलं म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं. पण पुढच्या शुक्रवारी ते दुपारीच घरी आले आणि स्कूटर वळवून म्हणाले, "बस. म्हापशाला जाऊया."

लिलीने मला दारात पाहिलं आणि तिची नजर माझ्या मागे गेली. दिगंबरांचं मुंडण केलेलं डोकं दिसलं तशी ती थांबली. मी नुसती मान हलवली. तिने ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, मग आम्हाला कोपऱ्यातल्या त्याच मेजाशी बसवलं. काही न विचारता कोळंबीचे सहा आणून ठेवले आणि आत निघून गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

दिगंबर बशीकडे पाहत बसले होते. वाफ विरली तरी त्यांनी हात लावला नाही. मग एकदम म्हणाले, "आई जेवताना कशी दिसायची गो? मी तिका जेवताना कधी बघूकच नाय. कायच आठवना नाय."

मी सांगायला लागले. चपला काढून मेजाखाली जोडून ठेवायच्या. खुर्चीवर मांडी घालायच्या. पहिला डंपलिंग बशीत घेऊन त्याला टोकाशी बारीक भोक पाडायच्या, आतली वाफ गेली की आतला रस आधी चोखून घ्यायच्या आणि मग उरलेला चटणीत बुडवायच्या. चटणी झोंबायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी चटणी सोडायच्या नाहीत. खाताना एक शब्द बोलायच्या नाहीत. घाई तर अजिबात नाही. एका बशीला अर्धा तास. शेजारी कुणी जागेसाठी खोळंबलेलं असलं तरी मान वर करायच्या नाहीत.

"आणि मगे?"

"मग भूक राहिली तर आणखी एक प्लेट मागायच्या."

"आई?" त्यांचा विश्वास बसेना. "मागायची? स्वतःसाठी? कशी?"

"अशी," म्हणत मी हात उंच केला, आई करायच्या तसा, कोपर ताठ, पंजा उघडा.

लिली तेवढ्यातच आतून बाहेर आली होती. तिने माझा हात पाहिला, चळतीतला वरचा डबा उचलला आणि आमच्या मेजावर आणखी एक गरम प्लेट आणून ठेवली. दिगंबरांनी ती आपल्यापुढे ओढली, पहिल्याला टोकाशी बारीक भोक पाडलं आणि वाफ जायची वाट बघत बसले.