अकरा नंबरचा भाग

सुगंधानं मॉडेलमधून जठर उचललं आणि ती थांबली. जठराच्या मागं काहीच नव्हतं. नुसता गुलाबी प्लास्टिकचा खळगा.

समोर मुरबाड तालुक्यातल्या तीस-पस्तीस अंगणवाडी सेविका सतरंजीवर बसल्या होत्या. मागच्या खुर्चीवर आमच्या खरे मॅडम. मी शेजारी चार्ट धरून उभी. आणि जठराच्या मागं जो भाग असायला हवा होता, तो माझ्या ॲप्रनच्या खिशात होता.

मी आता शहापूर तालुक्यात डाएटिशियन आहे. कुपोषित मुलांचा आणि त्यांच्या आयांचा आहार बघणं हे माझं काम. ही गोष्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. लोकांना वाटतं, डाएटिशियन म्हणजे भाकरी किती आणि तूप किती एवढं सांगणारी बाई. पण आम्हाला पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी असते, म्हणजे शरीररचना. घास कुठून कुठं जातो ते माहीत नसेल तर आहार ठरवणार कशावरून? डॉक्टरकीच्या मुलांसारखं आम्हाला शवविच्छेदन नसतं. आमच्याकडं टॉर्सो होता. टॉर्सो म्हणजे हातपाय नसलेलं, डोकं-धडाचं प्लास्टिकचं मॉडेल. त्याचं पोट उघडतं आणि आतले अवयव एकेक करून बाहेर काढता येतात. प्रत्येकावर नंबर. अकरा नंबर म्हणजे पॅनक्रियाज, मराठीत स्वादुपिंड. वीतभर लांब, चपटं, जठराच्या मागं आडवं. अन्न पचवणारा रस तिथं तयार होतो, इन्सुलिनही तिथंच.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. माझे बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला. आम्ही कॉलनीत राहायचो. दहावी-बारावीला मी पहिली आले होते आणि इथंही पहिलीच येणार, हे मी धरूनच चालले होते.

सुगंधा टोकावड्याच्या पुढच्या एका ठाकरवाडीतली. इंग्लिश नावं तिला उच्चारता यायची नाहीत. पॅनक्रियाजला ती पहिले काही दिवस 'पानकिरास' म्हणायची. मी हसायचे, इतरही हसायचे.

मग एक दिवस मॅडमनी मला टॉर्सोसमोर बोलावलं. म्हणाल्या, "स्वाती, लिव्हर बसव बघू."

लिव्हर उजवीकडं असतं. मी माझ्या उजवीकडं बसवायला गेले. बसेना. मी दाबलं. तरी बसेना.

मागून सुगंधा म्हणाली, "मॅडम, तो आपल्याकडं तोंड करून उभा हाय. त्याचा उजवा म्हंजे आपला डावा."

सगळा वर्ग हसला. ॲनाटॉमीतला हा पहिला नियम आहे, डावं-उजवं नेहमी पेशंटचं. मी तो वहीत लाल पेननं लिहून ठेवला होता.

मॅडमनी तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"आमच्या वाडीत बकरा कापला का आतडी धुवायला पोरीच बसत्यात. काळीज कुठल्या अंगाला, पांथरी कुठल्या अंगाला, हाताला ठावं हाय. फक्त बकऱ्याच्या पोटाला चार कप्पे, मानसाला एकच."

पांथरी म्हणजे प्लीहा. त्या दिवसापासून मॅडम प्रॅक्टिकलला काही अडलं की आधी तिच्याकडं बघायच्या. मी हात वर करून बसलेली असायचे. घरी जेवताना मला तेच आठवायचं आणि घास उतरायचा नाही. तिच्या जर्नलला चांगला शेरा मिळाला की मी माझं जर्नल मिटून टाकायचे. तिचं अक्षर वाईट आहे, तिची ओढणी विटलेली आहे, असलं काहीबाही मनाशी मोजत बसायचे. त्यानं बरं वाटायचं, पण दोनच मिनिटं.

मुरबाडला सेविकांसाठी कॅम्प ठरला. पचनसंस्थेवर एका विद्यार्थिनीनं बोलायचं होतं. माझं भाषण पाठ होतं. मॅडम म्हणाल्या, "सुगंधा बोलेल. बायांना तिची भाषा कळेल. स्वाती, तू चार्ट धर."

आदल्या दिवशी लॅबमध्ये बॉक्स भरताना मी अकरा नंबर काढून घेतला. फार विचार केला नव्हता. ती सगळ्यांसमोर अडखळावी, एवढंच हवं होतं. परतताना गुपचूप ठेवून देणार होते.

सुगंधा अडखळली, पण क्षणभरच. मग तिनं पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर सेविकेकडं पाहिलं. बाजाराचा दिवस होता.

"मावशी, तुमच्या पिशवीत सुकं बोंबील हायत ना? मगाशीच वास आला."

बाया हसल्या.

"एक द्या. खात नाय मी, परत देते."

तिनं बोंबील त्या खळग्यात आडवा ठेवला. "हे बघा. जठराच्या पाठीमागं, असं आडवं. डोकं ह्याच्या उजव्या अंगाला, शेपटी पांथरीकडं. ह्याच्यातनं रस येतो तवा खाल्लेलं जिरतं. ह्याला म्हंत्यात स्वादुपिंड."

"साखरेचा आजार होतो तो ह्याच्यामुळंच का गो?" एकीनं विचारलं.

"हा, मावशी. हे दमलं का तो आजार."

पुस्तकातसुद्धा स्वादुपिंडाला हेड आणि टेल असंच म्हणतात. मी ते शंभर वेळा घोकलं होतं. त्यात मासा मला एकदाही दिसला नव्हता. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमही वाजवत होत्या. मी खिशातला भाग मुठीत घट्ट धरला आणि तो परत ठेवायचा विचार सोडून दिला.

कॉलेजवर परतल्यावर लॅब असिस्टंट म्हात्रे सरांनी भाग मोजले.

"अकरा कुठाय?"

"हॉलमधी तर नव्हताच सर," सुगंधा म्हणाली.

"बॉक्स नेताना सही कोणाची आहे? तुझी. भाग आणून दे, नाहीतर सोमवारी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही."

शनिवार होता. परीक्षेला बसली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. मी तिथंच उभी होते. भाग माझ्या खिशात होता.

"बॉक्स उतरवताना पडला असंल," ती म्हणाली. "उद्या जाऊन बघते."

रविवारी सकाळी आई म्हणाली, "ॲप्रनच्या खिशात हे काय गं? कपड्यांबरोबर भिजलं. साबणानं घासून ठेवलंय." खिडकीत, दात घासायच्या ब्रशांशेजारी, अकरा नंबर वाळत होता.

मी तो पिशवीत टाकला आणि शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. किन्हवलीला गाडी बराच वेळ थांबली. उतरून परत जावं असं मनात आलं. सोमवारी भाग लॅबच्या दारात टाकून दिला तरी चाललं असतं. पण उतरले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणा होता असं मात्र म्हणवत नाही. सुगंधा तिथं काय करते आहे, हे मला बघायचं होतं.

कॅम्प झालेल्या हॉलचं दार उघडं होतं. सुगंधा आणि तिची आई धान्याची पोती सरकवून खाली हात घालत होत्या. कालच्या बोंबीलवाल्या मावशीही मदतीला आल्या होत्या. सगळीकडं कोंड्याची धूळ. सुगंधाची आई खोकत होती आणि गुडघ्यांवर पुढं पुढं सरकत होती.

मला तिथंच खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मी पण शोधते." कपाटाच्या मागं हात घातला, भाग तिथं टाकला आणि उचलला.

"सापडला!"

सुगंधाची आई उठली आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "देवासारी आलीस गो बाय. इतक्या लांबून आलीस आमच्या पोरीसाठी." तिनं फडकं सोडून मला नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. नाही म्हणता येईना. मी खाल्ली.

सुगंधानं भाग हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. तिच्या हातांना कोपरापर्यंत धूळ होती. भागाला कणभर नव्हती. मला सोडायला ती स्टँडपर्यंत आली, तेव्हा म्हणाली,

"साबणाचा वास येतोय."

मी पिशवीत सुटे पैसे शोधायला लागले.

"का केलंस?"

"मला बोलायचं होतं तिथं. तुला मिळालं ते बघवलं नाही."

"मंग मॅडमला सांगायचंस. माझी आये सकाळपास्न गुडघ्यावर हाय."

"मी माफी मागते त्यांची."

"नको. ती तुला चांगली समजलीय, ऱ्हाऊ दे. मॅडमला मात्र तू सांग. मी नाय सांगनार. मी सांगितलं तर चहाडी व्हईल."

सोमवारी परीक्षेआधी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "प्रॅक्टिकलला दोघीही बसा. पण यापुढं वर्षभर प्रत्येक कॅम्पला बॉक्स तू न्यायचा. भाग तू मोजायचे, सही तुझी. बोलणार सुगंधा."

"मॅडम, शून्य मार्क द्या त्यापेक्षा."

"ते सोपं आहे. म्हणूनच देत नाही."

प्रॅक्टिकलला सुगंधाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. वर्षभर मी तो बॉक्स उचलला. किन्हवली, धसई, टोकावडे, शहापूरकडच्या वाड्या. तेच भाषण मी दर वेळी कोपऱ्यात उभं राहून ऐकायचे आणि दर वेळी आतून जळायचे. पण कान तर बंद करता येत नाहीत. हळूहळू लक्षात आलं, ती कधीच अवयवाच्या नावानं सुरुवात करत नाही. आधी विचारते, "काल काय रांधलं होतं?" मग त्याच भातामागं, त्याच कालवणामागं तोंडापासून खालपर्यंत जाते. मी ते चार्टच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहायला लागले, तिला दिसणार नाही असं.

आमची मैत्री झाली नाही. ती माझ्याशी नीट वागायची, एवढंच.

आज ती मुरबाडला सेविकांना ट्रेनिंग देते. मध्यंतरी आमच्या दवाखान्यात एका वाडीतली आई मुलाला घेऊन दाखल झाली होती. मूल फार कमी वजनाचं. खिमटीत, म्हणजे मुलाच्या मऊ पातळ भातात, चमचाभर तेल घाल, म्हणून मी दोन दिवस समजावलं. तेलानं खोकला होतो, म्हणून ती घालेना. तिसऱ्या दिवशी मी सुगंधाला फोन लावला आणि त्या आईच्या कानाला दिला. दोघी चारेक मिनिटं बोलल्या. मधे एकदा हसल्यासुद्धा. दुपारच्या खिमटीत तेल पडलं. आठवड्यानं मुलाचं वजन वाढायला लागलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दोन दिवस मी काय कमी समजावलं होतं?

इतक्या वर्षांत हेवा काही गेलेला नाही आणि तो जाईल याची वाट बघणं मी सोडून दिलं आहे. फोन मात्र वेळेवर लावते. वजनकाट्यावर मूल ठेवलं की मुलाचं वजन दिसतं. कोणामुळं वाढलं, ते दिसत नाही.