एमिलला मिळालेली राजमाफी

आमच्या एर्लेनग्रुंड गावातल्या राजाच्या शिकारबंगल्याची झाडलोट ओटिली केसेलबाखनं बावीस वर्षं केली. बंगल्याच्या भिंतींवर हरणांच्या शिंगांच्या एकशे चौऱ्याऐंशी जोड्या होत्या आणि प्रत्येकीखाली राजेसाहेबांच्या नावाची पितळी पाटी. राजेसाहेब वर्षातून चारच दिवस यायचे, ऑक्टोबरात. उरलेलं वर्ष गाव त्या चार दिवसांच्या तयारीत असायचं.

ओटिलीचा नवरा एमिल लाकूडतोड्या होता. एक बीचचं झाड अंगावर पडून तो गेला. मूलबाळ नव्हतं. पुढच्या जूनमध्ये गवत कापताना तिला हरणाचं पोरकं पिल्लू सापडलं. शेळीचं दूध पाजून तिनं ते जगवलं. मी तिच्या शेजारीच बेकरी चालवायचे. विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

"एमिल."

"अगं, नवऱ्याचं नाव हरणाला?"

"तोही असाच मान खाली घालून जेवायचा. जेवण झालं की एक अक्षर न बोलता उठून जायचा. मला काही वेगळं वाटतच नाही."

हा दुसरा एमिल मोठा झाला, जंगलात राहायला गेला, पण ओटिलीनं बादली वाजवली की उकडलेल्या बटाट्यांसाठी हजर. सातव्या वर्षी त्याच्या शिंगांना बारा टोकं आली आणि तिथूनच सगळं बिनसलं.

राजेसाहेबांची नजर तोवर फार मंदावली होती. आदल्या वर्षी त्यांनी नेम धरून एका झाडाचं खोड जखमी केलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. यंदा खरीखुरी शिकार व्हायलाच हवी होती. शिकारप्रमुख फॉन राबेनक्रोन बूट न पुसता ओटिलीच्या स्वयंपाकघरात आले.

"बाई, तुमचं ते जनावर बादली वाजवली की येतं म्हणे?"

"येतं, सरकार."

"मग उद्या सकाळी मचाणासमोरच्या झुडपात बसायचं आणि वाजवायची."

"तो घरचा आहे, सरकार."

"राजाच्या जंगलात जे चरतं ते राजाचं."

"मग दूधही राजानंच पाजायचं होतं."

हे शेवटचं वाक्य ती त्यांच्या तोंडावर बोलली की ते गेल्यावर, याबद्दल गावात दोन मतं आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बादली घेऊन निघाली, हे मात्र खरं. राहतं घर बंगल्याचं होतं. नाही म्हणून जाणार कुठं? जाताना बेकरीत आली, पाव घेतला नाही, नुसतीच भट्टीपाशी उभी राहून रडली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. तिनं बादली एकदाच वाजवली, तीही हळूच. एमिल आला. मचाणापासून चाळीस पावलांवर उभा राहून खाऊ लागला. पहिल्या गोळीनं देवदाराची फांदी खाली आली. दुसरी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. तिसरीनं शिकारप्रमुखांची टोपी उडवली. एमिल दर वेळी मान वर करून बघायचा आणि पुन्हा बटाट्यात तोंड घालायचा. ओटिली झुडपातून त्याला दगड मारत होती, की पळ रे बाबा. तो काही हलेना. सहा गोळ्या झाल्या.

"पडलं का?" राजेसाहेबांनी विचारलं.

मग शिकारप्रमुख उघड्या डोक्यानं पुढं झाले. "महाराजांनी त्याला जीवदान दिलं!"

"मी दिलं?"

"आत्ताच, महाराज."

राजेसाहेबांनी जरा विचार केला. "हो. दिलं."

आठवडाभरात चर्चच्या दारावर हुकूम लागला. राजकृपा लाभलेल्या या मृगाला कुणी मारू नये, हाकलू नये, दचकवू नये, त्याच्यावर ओरडू नये. ओटिलीला मृगाची परिचारिका नेमून पत्र्याचा बिल्ला देण्यात आला.

जंगलात कष्ट करून पोट भरण्यापेक्षा गावात राहणं सोयीचं, हे एमिलच्या लवकरच लक्षात आलं. गावप्रमुख वुनिबाल्ड श्टोर्क यांच्या कोबीपासून त्यानं सुरुवात केली. श्टोर्क तणतणत आले.

"ओटिलीबाई, तुमचा एमिल काल माझ्या कोबीत होता!"

"माझा एमिल वारला, साहेब. हा राजाचा."

"मग मी करू काय?"

"वाकून नमस्कार करा. पाद्रीबाबा करतात."

पाद्रीबाबा खरंच करायचे. सुगीच्या उपासनेला वेदीपुढं मांडलेले भोपळे, सफरचंदं आणि मी भाजलेला मोठा पाव एमिलनं भर प्रार्थनेत खाल्ला, आणि सगळं गाव उभं राहून तोंडातल्या तोंडात गात राहिलं. ओरडायची बंदी होती ना! गावानं दरबाराकडे अर्ज केला. उत्तर आलं: 'राजकृपेनं खाल्लेला कोबी हे नुकसान नसून सन्मान आहे. सन्मानाची भरपाई देण्याची प्रथा नाही.' श्टोर्कनी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. दरबाराचं पत्र होतं शेवटी!

ओटिलीला मात्र हे लागायचं. ज्याचं कुंपण मोडलं त्याच्याकडे ती खिळे घेऊन जायची, आपल्या वाफ्यातली गाजरं नेऊन द्यायची. लोक तिला टोमणे मारायचे आणि गाजरं ठेवून घ्यायचे.

असं चार वर्षं चाललं. मग म्हातारे राजे वारले. नव्या राजांना मोटारींचं वेड, जंगलात यायला त्यांना फुरसत नव्हती. त्याच हिवाळ्यात एमिल ओटिलीच्या लाकडांच्या पडवीत येऊन बसला आणि पुन्हा उठला नाही. तिनं त्याच्यावर घोंगडी घातली. सकाळपर्यंत तो थंड झाला होता. गावप्रमुख आले, टोपी काढून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोबी सुटला म्हणून की काय, देव जाणे.

दोनच दिवसांत दरबारची माणसं आली आणि शीर घेऊन गेली. बाकीचं ओटिलीनं आणि मी सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. गोठलेली जमीन खणताना आमच्या हातांची सालं निघाली.

वसंतात ते शीर पेंढा भरून परत आलं आणि दिवाणखान्यात मधोमध लागलं. ओटिली शिडीवर चढली. खाली पाटी होती: 'कैलासवासी महाराजांनी एकशे चाळीस पावलांवरून एकाच गोळीत टिपलेला बाराशिंगा.' मानेवर एक नीटनेटकं भोक होतं.

शिकारप्रमुख खिडकीपाशी उभे होते.

"हे भोक कुठून आलं, सरकार?"

"गोळीचं."

"हा माझ्या पडवीत मेला. म्हातारपणानं."

"बाई, महाराजांचा नेम कधी चुकला नाही. पाट्या वाचा."

"मी बावीस वर्षं पुसतेय त्या."

"मग तुम्हाला माहीतच असायला हवं."

ओटिली खाली उतरली. फडकं घडी करून शिडीच्या पायरीवर ठेवलं, त्यावर किल्ल्या, त्यावर तो बिल्ला. "इथून पुढं तुम्हीच पुसा," म्हणाली.

घर सोडायला तिला आठ दिवसांची मुदत मिळाली. ती तिसऱ्याच दिवशी निघाली. मी माझ्या पावाच्या गाडीतून तिला, दोन शेळ्यांना आणि एका पेटीला नदीकाठी तिच्या बहिणीकडे पोचवलं. बहिणीच्या नवऱ्याची होडी होती. पंचावन्नाव्या वर्षी ओटिली वल्हं मारायला शिकली, पोहायलाही शिकली, आणि तिथल्या पाद्रीबाबांनी त्याविरुद्ध एक अख्खं प्रवचन दिलं. ती पहिल्या बाकावर बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग स्वतः वल्हं मारत त्यांना पैलतीरी सोडून आली.