लार्सचं पिंप

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी इंग्वाल्ड चुलीत बर्चचं आणखी एक लाकूड सारत होता. वरच्या तांब्याच्या हंड्यात जुनिपरच्या फांद्या उकळत होत्या आणि पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. शेजारी ओकचं पिंप आडवं पडलेलं होतं. ते त्याच्या भावाचं, लार्सचं. लार्स रविवारी गेला. त्याला पुढच्या शुक्रवारी पुरायचं होतं. पुरून आल्यावर लोकांना जी बिअर द्यायची ती घरचीच असते, आणि ती भावानेच करायची असते.

व्हॉसच्या या खोऱ्यात पिंपाला साबण लावत नाहीत. साबण लाकडात मुरतो आणि बिअरचा फेस मारतो. जुनिपरचं उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून मुरू द्यायचं, मग पिंप रात्रभर पालथं ठेवायचं. सकाळी डोकं आत घालून हुंगायचं. एवढीच परीक्षा.

हे सगळं त्याने परवा एकदा केलं होतं. काल सकाळी आत डोकं घातलं, लांब श्वास घेतला. काही नाही. लाकूड नाही, जुनिपर नाही, धूरही नाही. फेब्रुवारीतल्या तापानंतर त्याचं नाक गेलं होतं. आंबट, कडू, खारट जिभेला कळत होतं. कुबट वास मात्र फक्त नाकाला कळतो, आणि लार्स आजारी असताना हे पिंप सहा महिने ओलंच गोठ्यात पडलं होतं. म्हणून आज दुसऱ्यांदा हंडा चढला होता.

बायकोला, गुद्रुनला, त्याने काल हुंगायला लावलं होतं.

"जुनिपरचा वास येतो," ती म्हणाली.

"आणि त्याच्याखाली?"

"खाली काय असायला हवं, ते तर सांग."



सातच्या सुमाराला शेजारचा अन्फिन विरजण घेऊन आला. बिअरचं विरजण, ज्याला इथे क्वाइक म्हणतात, ते घरोघर वेगळं असतं आणि बिघडलं तर शेजाऱ्याकडे मागतात. इंग्वाल्डने स्वतःचं गेल्याच महिन्यात ओतून दिलं होतं, कारण चांगलं की नासलेलं हे त्याला ठरवता येईना. गावात सांगितलं, उंदरांनी खाल्लं.

"घे," अन्फिनने बरणी पुढे केली. "आणि तुझ्या उंदरांना सांग, हे जरा तिखट आहे. म्हणूनच माझ्याकडे येत नाहीत मेले. त्यांना तुझंच बरं आवडतं."

"अन्फिन, जरा पिंप बघतोस?"

अन्फिन थांबला. दोघांनी चाळीस वर्षं बिअर केली होती, पण दुसऱ्याच्या पिंपात कुणी कधी डोकं घातलं नव्हतं. मालकानेच हुंगायचं असतं.

"तुझं नाक कुठे गेलं?"

"बघ तर खरं."

अन्फिनने टोपी काढली आणि खांद्यापर्यंत आत शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग त्याचा आवाज आतूनच घुमला, "बुचाच्या भोकाजवळ. फळ्यांच्या सांध्यात. बुरशी."

"धुऊन जाईल?"

"नाही." तो बाहेर आला, नाक पुसत. "ओल्या तळघरासारखं आहे. तुला खरंच येत नाही?"

इंग्वाल्डने चुलीकडे बघितलं. "फेब्रुवारीपासून."

"म्हणजे तुझ्या नातीच्या बारशाची बिअर..."

"कशी होती?"

"असल्याच वासाची. तुझ्या पिंपातही हेच असणार."

"तू प्यालास."

"एक वाडगा. सगळ्यांनीच एकेक घेतला. दुसरा कुणी मागितला नाही, हे तुला दिसलं नाही का?"

दिसलं होतं. त्या दिवशी अर्धे भरलेले वाडगे उचलताना त्याला ते हाताला जड लागले होते. गरमी आहे, लोक कमी पितात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"कुणी बोललं का नाही?"

"पोरीच्या बारशाला? आणि लार्स म्हणाला, गप्प बसा, मी सांगतो त्याला."

लार्सने कधी सांगितलं नव्हतं. हंड्यातलं पाणी उतू जाऊन चुलीत चुरचुरलं. इंग्वाल्डने हंडा बाजूला घेतला.

"मी करतो बिअर," अन्फिन म्हणाला. "तू बस."

"भाऊ माझा होता."

"मग कशात करणार? यात?"

अन्फिनकडे दूध डेअरीतून घेतलेली जुनी स्टीलची टाकी होती. त्यातल्या बिअरला इंग्वाल्ड वर्षानुवर्षं 'गाईची बिअर' म्हणत आला होता.

"तुझी टाकी रिकामी आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"आहे. गाईला विचारायला हवं."

दोघंही हसले नाहीत.

उद्या सहा वाजता अन्फिन ट्रॅक्टरला टाकी जोडून आणेल. इंग्वाल्ड ती जुनिपरच्या पाण्याने धुईल. आत डोकं अन्फिन घालेल.